विसरणं मोजू नका, काम कुठे अडतंय ते पाहा

प्रश्न: आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. वाईजवळच्या गावी भाऊ-वहिनीकडे असते, मी पुण्यात. गेल्या दीडेक वर्षापासून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते. दूध डेअरीचा सगळा हिशेब तिच्या तोंडावर असायचा, आता सुटे पैसे मोजतानाही गोंधळते. महिन्याभरापासून "सुनेने माझ्या पाटल्या घेतल्या" असं शेजारीपाजारी सांगत फिरते. भाऊ म्हणतो वय झालंय, एवढं चालायचंच. हे वय आहे की अल्झायमर? अमेरिकेतला भाचा एका नव्या इंजेक्शनबद्दल सांगतोय, त्यात किती तथ्य आहे? आणि खरं सांगायचं तर एक भीती आहे, पुढे मलाही हे होईल का?

उत्तर: तुम्ही लिहिलेल्या सगळ्या गोष्टींपैकी माझं लक्ष अडकलं ते डेअरीच्या हिशेबावर. एकच प्रश्न पुन्हा विचारणारी म्हातारी माणसं खूप असतात. कोणाला नीट ऐकू येत नाही, कोणाला काळजी वाटत असते, कोणाला बोलायला निमित्त हवं असतं. पण वर्षानुवर्षं हातातलं असलेलं काम अडायला लागलं की ते वयावर ढकलता येत नाही.

भावाचं म्हणणं अगदीच चूक नाही. वय वाढलं की डोकं मंदावतं. नाव ओठांवर येऊन अडतं, मग तासाभराने भाजी निवडताना आठवतं. चष्मा कपाळावर असतो आणि आपण घरभर शोधतो. याला मी आजार म्हणत नाही. पुतण्याच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांपैकी दोघांची नावं आठवली नाहीत तर हरकत नाही. पण मागच्या महिन्यात लग्न झालं हेच आठवत नसेल, आणि "अगं, आपण साताऱ्याला गेलो नव्हतो का" अशी आठवण करून दिल्यावरही चेहरा कोरा राहत असेल, तर ती गोष्ट वहीत लिहिलीच गेलेली नाही. अल्झायमरची सुरुवात बहुतेकदा मेंदूच्या ज्या भागात होते, तोच भाग नव्या नोंदी करतो. हिप्पोकॅम्पस म्हणतात त्याला. जुनं तिथे साठवलेलं नसतं, म्हणून ते बराच काळ शाबूत राहतं. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या रस्त्यावर किती मजुरी मिळायची, मुकादम कोण होता, हे आजी घडाघडा सांगतात आणि सकाळी चहा झाला का ते सांगता येत नाही. घरचे इथेच फसतात. "जुनं सगळं आठवतंय हो तिला, स्मरणशक्ती तर आमच्यापेक्षा चांगली आहे," हे वाक्य मी रोज ऐकतो.

शिवाय हे निव्वळ वयामुळे असतं तर सगळ्यांनाच झालं असतं. देशभरातल्या ज्येष्ठांच्या पाहणीतून २०२३ साली आलेला अंदाज असा, की भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. बायकांमध्ये, खेड्यांत आणि शाळेत न गेलेल्यांमध्ये प्रमाण जास्त. आकडा मोठा आहेच, पण उरलेल्या ब्याण्णव-त्र्याण्णव टक्क्यांना तो नाही, हेही भावाला सांगा. डिमेन्शिया म्हणजे रोजचं आयुष्य अडेल इतकी बुद्धीची घसरण. तिची कारणं अनेक, त्यांतलं सगळ्यात मोठं अल्झायमर.

आता पहिली गोष्ट, काम अडतंय का हे कसं ओळखायचं? माझा आवडता प्रश्न हा: दोन वर्षांपूर्वी त्या स्वतः करायच्या अशी कोणती कामं आज दुसरं कोणी करतंय? यावर घरात आधी शांतता पसरते. मग सून हळूच म्हणते, आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं तेव्हापासून फोडणी मीच घालते. नातू म्हणतो, आजी फोन लावायला मला सांगते. भिशीचे पैसे आता शेजारीण आठवणीने घेऊन जाते. घराने एकेक काम इतकं गुपचूप उचललेलं असतं की काही बिघडलंय हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. कामं सगळी जमतात, फक्त विसरणं वाढलंय आणि तपासणीतही ते दिसतंय, अशीही एक मधली अवस्था असते. मेमरी क्लिनिकमध्ये येणाऱ्या अशा शंभर जणांपैकी दरवर्षी दहा-पंधरा डिमेन्शियाकडे सरकतात. काही तिथेच राहतात, काही सुधारतातही. तुमच्या आई या मधल्या अवस्थेच्या पुढे गेल्या असाव्यात असं पत्रावरून वाटतं, पण पत्रावरून निदान करायचं नसतं.

तपासणीला येताना भावाबरोबर वहिनीलाही आणा. दिवसभर आईंसोबत असते ती वहिनीच, त्यामुळे मला लागणारी माहिती तिच्याकडे आहे. आणि आईंच्या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं नाही, हे दोघांनाही आधीच बजावून ठेवा. ओपीडीत काय होतं सांगतो. आजी छान चापूनचोपून लुगडं नेसून येतात, "कसं काय डाक्टर" म्हणतात, दहा मिनिटं इतक्या गोड बोलतात की नवख्या डॉक्टरला काही सापडणारच नाही. मग मी विचारतो, काल जेवायला काय होतं? त्या माझ्याकडे बघायचं सोडून मान वळवून सुनेकडे बघतात आणि हसून म्हणतात, "मला काय विचारता, हिलाच विचारा, स्वयंपाक तिचा." उत्तर हजरजबाबी आहे, पण त्यात काल काय जेवले ते नाही. ही मान वळवणं आम्ही खूण म्हणूनच बघतो. सून मात्र मायेने लगेच "पिठलं-भाकरी होती ना" म्हणते आणि माझी तपासणी तिथेच संपते! म्हणून मी नातेवाइकांना पेशंटच्या पाठीमागे बसवतो.

गुणांच्या चाचण्या असतात. १९७५ पासून जगभर वापरली जाणारी तीस गुणांची एक आहे, तिच्यात वाक्य लिहायचं असतं, आकृती काढायची असते. जिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही तिचे गुण त्यात नुसत्या शिक्षणापायी जातात. त्यासाठी हरियाणातल्या बल्लभगडच्या डिमेन्शियाच्या अभ्यासाच्या वेळी निरक्षर माणसांकरता हिंदीत वेगळी चाचणी बेतली गेली. मी स्वतः गुणांइतकाच भरवसा साध्या बोलण्यावर ठेवतो. संकष्टी कधी आहे, सध्या शेतात काय उभं आहे, म्हैस व्यायली का, शंभराची नोट देऊन पस्तीस रुपयांची भाजी घेतली तर किती परत येतील. आईंच्या बाबतीत तर डेअरीचं लिटर आणि फॅट.

दुसरी गोष्ट वेगाची. हे कधीपासून आणि कसं वाढत गेलं, ते तारखा-सण धरून लिहून आणा ("गेल्या दिवाळीला फराळ नीट केला होता, गुढीपाडव्याला पुरण बिघडलं" असं). अल्झायमर दबकत येतो, वर्षा-दोन वर्षांत घसरण दिसते. बरी असलेली व्यक्ती एकदम खाली येते, मग तिथेच राहते, पुन्हा एकदम खाली, असं असेल तर मेंदूच्या रक्तपुरवठ्याची शंका, विशेषतः बीपी आणि शुगर जुनी असेल तर. भिंतीवर लहान मुलं दिसतात, पावलं अडखळतात, एक दिवस बरा आणि एक वाईट, तर लेवी बॉडी नावाचा वेगळा आजार मनात येतो. आणि दोन-चार दिवसांत माणूस बदलला, असंबद्ध बोलायला लागला, दिवसा गुंगीत आणि रात्री जागा, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. तो बहुधा डिलिरियम असतो. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, खुब्याच्या ऑपरेशननंतरचे दिवस, कधीकधी नुसता आठ दिवसांचा बद्धकोष्ठ. कारण सापडलं की बरेचसे सावरतात. न्हाणीघरात घसरून डोकं आपटलं आणि पुढच्या काही आठवड्यांत सुस्ती आणि गोंधळ वाढत गेला, तर कवटीखाली रक्त साचलेलं असू शकतं. ते सीटी स्कॅनमध्ये दिसतं आणि काढता येतं.

तिसरी गोष्ट गोळ्यांची, आणि इथे मी जरा हट्टी आहे. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणा, बंद झालेल्या, शेजारणीने दिलेल्या, मेडिकलमधून न विचारता घेतलेल्यासुद्धा. मी ती पिशवी टेबलावर उपडी करतो. स्मरणासाठी मेंदूला ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन लागतं, आणि अल्झायमरमध्ये नेमकं तेच कमी पडतं. आता गंमत बघा, कंपवातासाठीची ट्रायहेक्सिफेनिडिल, पाय दुखतात म्हणून दिलेली अमिट्रिप्टिलिन, लघवी धरत नाही म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन, सर्दीच्या पाकिटातली क्लोरफेनिरामिन, या सगळ्या त्याच रसायनाला अडवतात. झोपेसाठी वर्षानुवर्षं चालू असलेली अल्प्राझोलाम वेगळ्या वाटेने तोच गोंधळ करते. (ती एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. हळूहळू उतरवायची असते.) मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रोज उपाशीपोटी घेतलेली पित्ताची गोळी, दोन्हींमुळे बी १२ कमी होऊ शकतं. त्यात माणूस माळकरी, शाकाहारी, दूध विकून घरात जेमतेम उरणारं, मग बी १२ तळाला गेलेलं असलं तर नवल नाही.

म्हणून रक्त तपासायचं ते हिमोग्लोबिन, बी १२, थायरॉइडसाठी टीएसएच, सोडियम, शुगर, किडनी, लिव्हर यांसाठी. डोक्याचा सीटी किंवा एमआरआय एकदा. कान आणि मोतीबिंदू बघून घ्यायचे. आणि उदासी, कारण नवरा गेल्यानंतर किंवा मुलगी सासरी गेल्यानंतर आलेलं नैराश्य कित्येकदा विसरभोळेपणाच्या रूपानेच समोर येतं. खरं सांगतो, बी १२ ची इंजेक्शनं दिली आणि अल्झायमर गेला असं होत नाही. पण दोन्ही एकत्र असलेले पेशंट बरेच असतात आणि जेवढं भरून निघेल तेवढं पदरात पाडून घ्यायचं. महागड्या पेट स्कॅनची गरज बहुतेकांना पडत नाही. अल्झायमरशी जोडलेलं टाऊ नावाचं प्रथिन रक्तात मोजणारी एक तपासणी मे २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, ती लक्षणं असलेल्या माणसांसाठी आहे. "सहज बघून घेऊ" म्हणून करायची ती नव्हे.

आता पाटल्या. हा आरोप ऐकून वहिनीची काय अवस्था झाली असेल याची मला कल्पना आहे, कारण महिन्यात अशी एक तरी सून माझ्यासमोर रडते. होतं असं: आई पाटल्या नीट राहाव्यात म्हणून जागा बदलतात. तांदळाच्या डब्यात, उशीच्या खोळीत, देवघरामागे. जागा बदलल्याची नोंद मेंदूत होत नाही. पाटल्या जागेवर दिसत नाहीत एवढंच उरतं, आणि मेंदू उरलेली गोष्ट स्वतः रचतो. घरात सतत वावरणारी, कपाटाजवळ जाणारी व्यक्ती कोण, तर सून. म्हणजे जी सगळ्यात जास्त करते तिच्यावरच आळ येतो. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफर्टमध्ये जिला तपासलं आणि १९०६ मध्ये जिच्या मेंदूविषयी सांगितलं, ती बाई अवघी ५१ वर्षांची होती. तिच्या आजाराचं पहिलं ठळक लक्षण काय नोंदलंय? नवऱ्यावरचा संशय. पुढे ती घरातल्या वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवायची. सव्वाशे वर्षांत यात काही फरक पडलेला नाही.

वाद घालून उपयोग नाही. "मी नाही घेतल्या" म्हटलं की आईंना वाटतं, चोर कधी कबूल होतो का. "तुम्हीच ठेवल्यात आणि विसरलात" म्हटलं की अपमान. वहिनीने एवढंच म्हणायचं, "सापडत नाहीत होय? चला, दोघी मिळून बघू." शोधता शोधता चहाचा विषय काढायचा. लपवायच्या ठरलेल्या जागा दोन-तीनच असतात, त्या वहिनीने गुपचूप हेरून ठेवाव्यात. खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये आणि तशाच दिसणाऱ्या एक ग्रॅमच्या आईंच्या हातात, हा उपाय मी अनेक घरांत सुचवला आहे आणि तो चालतो. शेजाऱ्यांना मात्र भावाने स्वतः जाऊन सांगायला हवं, की आईला आजार आहे. ते काम सुनेवर टाकू नका. तुम्ही मुलगी आहात, तुमच्याकडे फोनवर आईची तक्रार आली की चुकूनही "वहिनी असं का वागते" असा सूर लावू नका. दिवाळीत आठ दिवस आईला पुण्याला न्यायचं झालं तर मनात हे धरा, की अनोळखी फ्लॅटमध्ये त्यांचा गोंधळ वाढू शकतो. त्यापेक्षा तुम्ही गावी जाऊन राहा आणि वहिनीला माहेरी पाठवा.

तिन्हीसांजेला कासावीस होणं, स्वतःच्याच घरात "मला घरी सोडा" म्हणणं, हे अजून सुरू नसेल तर पुढे होऊ शकतं. अंधारून यायच्या आधीच दिवे लावा, दुपारची लांब झोप कमी करा, त्या वेळेला हाताला काम द्या. शेंगा फोडणं, वाती वळणं, लसूण सोलणं. "हेच तर घर आहे" असं पटवू नका, "दूध काढून झालं की जाऊ" एवढं पुरतं. रात्री गॅस रेग्युलेटरवरून बंद. विहिरीकडच्या दाराला कडी वरच्या बाजूला. गळ्यात किंवा पदराला मोबाइल नंबर असलेला बिल्ला.

औषधांकडे वळतो. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन ही एका गटातली, मेमँटिन दुसऱ्या. ही औषधं आजार थांबवत नाहीत. काही जणांत काही महिने ते वर्ष-दोन वर्षं गाडी आहे त्याच जागी राहते, लक्ष थोडं सुधारतं. डोनेपेझिल रात्री ५ मिलिग्रॅमने सुरू करतात, चार ते सहा आठवड्यांनी सोसलं तर १० मिलिग्रॅम. मळमळ, जुलाब, विचित्र स्वप्नं पडू शकतात. नाडी मंद होते, म्हणून आधी ईसीजी. सहा महिन्यांनी घरच्यांनाच विचारायचं, फरक वाटतो का? आणि एक कळकळीची सूचना. आई रात्री ओरडतात म्हणून कोणी "शांत राहायची गोळी" दिली तर ती कोणती ते विचारा. रिस्पेरिडोन, क्वेटिॲपिन, हॅलोपेरिडॉल या गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नव्या गोळ्यांबद्दल २००५ मध्येच दिला, हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांबद्दल २००८ मध्ये. कधीकधी त्या लागतात, पण कमीत कमी डोस, थोडे दिवस आणि आधी दुखणं, बद्धकोष्ठ, लघवी तपासूनच.

भाचा सांगतोय ते बहुधा लेकानेमॅब किंवा डोनानेमॅब. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन पेशींच्या बाहेर साचतं आणि टाऊ नावाचं पेशींच्या आत गुंता करतं. लक्षणं दिसायच्या दहा-वीस वर्षं आधीपासून हे चालू असतं. ही इंजेक्शनं अमायलॉइड धुऊन काढतात, आणि ते खरोखर निघून जातं. पण माणसाला काय मिळतं? लेकानेमॅबच्या चाचणीत १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी कमी झाली, म्हणजे १८ गुणांच्या मोजपट्टीवर अर्ध्या गुणाहूनही कमी फरक. दर दोन ते चार आठवड्यांनी शिरेतून सलाइन, वारंवार एमआरआय, काहींच्या मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव, आणि खर्च. फक्त अगदी सुरुवातीच्या टप्प्यात आणि अमायलॉइड असल्याचा पुरावा मिळाल्यावरच. विज्ञान म्हणून मला त्याचं मोल मोठं वाटतं. तुमच्या आईंसाठी शेत गहाण टाकून त्याच्या मागे लागा, असं मी म्हणणार नाही. तोच पैसा दिवसा येणाऱ्या एका बाईच्या पगाराला लावला तर घर टिकेल.

पैशांचं निघालंच आहे तर हे पुढे ढकलू नका. लोक कुलमुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात, पण आपल्या कायद्याप्रमाणे ते देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्याराचा अधिकारही संपतो. नेमकी गरज पडते तेव्हा तो कागद लंगडा ठरतो आणि पालकत्वासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. आजाराचं नाव लागलं म्हणजे इच्छापत्र करता येत नाही असं नाही. सुरुवातीच्या काळात आईंना आपलं काय आहे आणि कोणाला द्यायचं हे कळत असतं. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडून इच्छापत्र नोंदवून घ्या. बँकेचं खाते दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं करा, नॉमिनी बघा, सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते तपासा. आणि हे भावंडांनी एकत्र बसून, आईंना विचारून करा.

मदतीसाठी न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धरोगतज्ज्ञ, तिघांपैकी जो जवळ मिळेल तो चालेल. १९९२ पासून या आजारावर काम करणारी एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही संस्था आहे, तिच्या शाखा काळजीवाहकांच्या सभा घेतात. ज्येष्ठांसाठी सरकारची हेल्पलाइन १४५६७, आणि वहिनीला स्वतःला बोलायचं असेल तर मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. आईला सत्तरीत झाला म्हणून मुलीला होणारच असं नाही, धोका थोडा वाढतो इतकंच. पिढ्यान्‌पिढ्या चाळिशी-पन्नाशीतच गाठणारी घराणी असतात, पण ती एकूण पेशंटांत एक टक्काही नाहीत. एपीओई ४ हे जनुक धोका वाढवतं, पण ते असूनही कित्येकांना हा आजार होत नाही. ते तपासून तुमची फक्त झोप उडेल, म्हणून मी ती तपासणी सांगत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये असं मांडलं, की जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया हे बदलता येण्यासारख्या १४ कारणांशी निगडित आहेत. तुमच्या वयाला त्यांतली कामाची म्हणजे बीपी, एलडीएल (म्हणजे वाईट) कोलेस्टेरॉल, शुगर, तंबाखू, व्यायामाचा अभाव आणि कमी ऐकू येणं. बाजारातल्या स्मरणशक्तीच्या कॅप्सूलवर खर्च करू नका. शब्दकोडी आवडत असतील तर सोडवा, पण ती संध्याकाळच्या तासभर चालण्याची जागा घेत नाहीत. आईंना घेऊन याल तेव्हा तुमचंही बीपी मोजू. कोलेस्टेरॉल गेल्या वर्षभरात तपासलं नसेल तर तो रिपोर्टही करून आणा.